चीनमधले फोटो वाचायचे कसे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चीनबद्दलच्या बातमीत फोटो एकच असतो, पण त्याखालची ओळ दहा जणांनी दहा प्रकारे लिहिलेली असते. त्या ओळीवर भरवसा ठेवण्याआधी फोटोतच पुष्कळ काही सापडतं: शहर कोणतं, वर्ष कोणतं, ऋतू कोणता, फोटो कोणी आणि कशासाठी काढला. खालची उत्तरं त्यासाठी आहेत. चिनी भाषा येत नसली तरी अडत नाही. फोन आणि थोडा धीर असला की पुरे.

फोटो समोर आला की सुरुवात कुठून करायची?

मधली घटना बाजूला ठेवा आणि आधी चारही कडा बघा. मधला भाग छायाचित्रकाराने निवडलेला असतो, कडेला आलेलं आपसूक आलेलं असतं: उभ्या गाडीची नंबरप्लेट, दुकानाची पाटी, भाजीच्या गाड्यावरचा क्यूआर कोड, मागच्या माणसाच्या अंगावरचा जाड कोट. फोटो चीनमधलाच आहे का ते आधी ठरवा, मग शहर, मग वर्ष, मग ऋतू. घटना काय होती हा प्रश्न शेवटी घ्या. उलट्या क्रमाने गेलं की आपण ऐकलेली गोष्टच फोटोत दिसायला लागते.

शक्य तेवढी मोठी प्रत मिळवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत आलेल्या फोटोत अक्षरं पुसट झालेली असतात आणि फाइलमधली तारीख-जागेची माहितीही निघून गेलेली असते.

एकही चिनी अक्षर येत नाही. मग पाट्या कशा वाचणार?

फोनवरच्या भाषांतराच्या अ‍ॅपला अख्खा फोटो देऊ नका. फक्त पाटीचा तुकडा कापा, तिरका असेल तर सरळ करा आणि मग द्या. एकाच पाटीवर दोन वेगवेगळी अ‍ॅप चालवा. दोन्हींचं उत्तर जुळलं तर ते धरा, नाही जुळलं तर सोडून द्या. दुकानांच्या नावातली कुंचल्याच्या वळणाची अक्षरं अ‍ॅपला बहुधा चुकतात, पण पाटीच्या खालच्या कोपऱ्यातला फोन नंबर चुकत नाही. स्थानिक लँडलाइनच्या आधीचा कोड शहर सांगतो: बीजिंग ०१०, शांघाय ०२१, वूहान ०२७, चंग्दू ०२८.

मुख्य भूमी, हाँगकाँग आणि तैवान यांतला फरक एका नजरेत कसा कळेल?

रस्त्याची बाजू बघा. मुख्य भूमीत आणि तैवानमध्ये वाहनं उजवीकडून चालतात, हाँगकाँग आणि मकाऊमध्ये आपल्यासारखी डावीकडून. हाँगकाँगच्या गाडीची पुढची प्लेट पांढरी आणि मागची पिवळी असते, पाट्यांवर चिनीबरोबर इंग्रजी असतं, बहुतेक टॅक्सी लाल. तैवानमध्ये टॅक्सी पिवळ्या, स्कूटरींची गर्दी, आणि नंबरप्लेटवर चिनी प्रांताक्षर नसतं. हाँगकाँग, मकाऊ आणि तैवान या तिन्ही ठिकाणी जुनी, जास्त रेघांची पारंपरिक लिपी चालते, तर मुख्य भूमीत सोपी केलेली. अ‍ॅप भाषा ओळखताना बहुधा कोणती लिपी आहे तेही दाखवतं.

पाटीवर चिनीबरोबर दुसरी लिपी असेल तर प्रदेश आणखी नेमका कळतो. अरबी वळणाची लिपी असेल तर शिनजियांग, देवनागरीशी नातं सांगणारी तिबेटी असेल तर तिबेट, छिंगहाय किंवा सिचुआन-गान्सूचा पश्चिम भाग, आणि वरून खाली उभी लिहिलेली मंगोल लिपी असेल तर इनर मंगोलिया.

नंबरप्लेटवरून नेमकं काय कळतं?

फोटोतला हा सगळ्यांत भरवशाचा पुरावा. मुख्य भूमीच्या प्लेटवर पहिलं अक्षर चिनी असतं आणि ते प्रांताचं किंवा महानगराचं. बीजिंगसाठी ‘जिंग’, शांघायसाठी ‘हू’, ग्वांगडोंगसाठी ‘युए’, सिचुआनसाठी ‘छ्वान’. त्यानंतर एक रोमन अक्षर येतं. प्रांतांमध्ये ते जिल्ह्याच्या पातळीवरच्या शहराचं असतं आणि ‘ए’ बहुतेक ठिकाणी राजधानीला दिलेलं असतं. म्हणजे ‘छ्वान-ए’ दिसलं की चंग्दू.

रंगही बोलतो. निळी प्लेट पेट्रोलच्या छोट्या गाडीची, पिवळी ट्रक-बसची, पांढरी पोलिसांची किंवा लष्कराची. फिकट होत गेलेली हिरवी प्लेट विजेच्या किंवा प्लग-इन हायब्रिड गाडीची असते आणि तिच्यावर एक अक्षर जास्त असतं. हिरव्या प्लेटची सुरुवात डिसेंबर २०१६ मध्ये पाच शहरांत झाली आणि २०१८ पर्यंत ती देशभर आली. त्यामुळे एखादा फोटो ‘२०१५ चा’ म्हणून फिरत असेल आणि मागे हिरवी प्लेट दिसत असेल, तर तारीख चुकीची आहे.

एक सावधगिरी: एका गाडीवरून शहर ठरवू नका. सुटीच्या दिवसांत अर्धा देश गाडीने फिरत असतो. रस्त्यावरच्या चार-पाच गाड्यांची पहिली दोन अक्षरं सारखी असतील तरच शहर पक्कं.

फोटो कोणत्या वर्षीचा आहे हे कसं ठरवायचं?

चीनमधला रस्ता इतक्या झपाट्याने बदलला आहे की वर्ष बऱ्यापैकी जवळ आणता येतं.

भाड्याच्या सायकली बघा. मोबाइकच्या नारिंगी सायकली शांघायमध्ये एप्रिल २०१६ ला आल्या. ओफोच्या पिवळ्या सायकलींची सुरुवात पेकिंग विद्यापीठातून झाली होती. २०१७ आणि २०१८ मध्ये दोन्हींचे डोंगर फुटपाथवर दिसतात आणि टाकून दिलेल्या सायकलींच्या मैदानांचे गाजलेले हवाई फोटोही याच काळातले. २०१८ च्या शेवटी ओफो कोलमडली. मोबाइक त्याच वर्षी जेवण पोचवणाऱ्या मेइत्वान कंपनीने घेतली आणि पुढे तिच्या नव्या सायकलीही पिवळ्या झाल्या. म्हणून नुसता पिवळा रंग बघून ‘ओफो’ म्हणू नका, मडगार्डवरचं नाव वाचा.

जेवण पोचवणारे दुचाकीस्वारही असेच उपयोगी. पिवळा गणवेश मेइत्वानचा, निळा एलेमेचा. लाल गणवेशातले जेडी या ऑनलाइन विक्री कंपनीचे जेवणवाले फेब्रुवारी २०२५ नंतरचे, कारण जेडी या धंद्यात तेव्हाच उतरली. विजेच्या स्कूटरवरचे बहुतेक लोक हेल्मेट घालून असतील तर फोटो २०२० च्या मोहिमेनंतरचा असण्याची शक्यता जास्त.

करोनाचा काळ तर महिन्यापर्यंत मोजता येतो. वूहानची टाळेबंदी २३ जानेवारी ते ८ एप्रिल २०२०. शांघायची मोठी टाळेबंदी मार्च २०२२ च्या शेवटी सुरू झाली आणि १ जूनला उठली. दारावर हिरवा-पिवळा-लाल आरोग्य कोड तपासणारा माणूस दिसला तर फोटो फेब्रुवारी २०२० ते डिसेंबर २०२२ यांमधला. ७ डिसेंबर २०२२ ला निर्बंध सैल झाले आणि थोड्याच दिवसांत ते टेबल, ते तंबू आणि पांढऱ्या संरक्षक पोशाखातली माणसं रस्त्यावरून नाहीशी झाली.

फोटोतली वेळ आणि ऊन जुळत नाही. फोटो खोटा आहे का?

लगेच तसं म्हणू नका. अख्ख्या चीनमध्ये एकच घड्याळ चालतं, आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. त्यामुळे पश्चिमेकडच्या काशगरमध्ये हिवाळ्यात सकाळचे साडेनऊ वाजले तरी उजाडलेलं नसतं, आणि जूनमध्ये रात्री दहालाही आकाशात उजेड असतो. शिनजियांगमध्ये स्थानिक लोक दोन तास मागची वेळही बोलण्यात वापरतात. भिंतीवरचं घड्याळ आणि सावली यांत दोन-तीन तासांची तफावत दिसली, तर आधी जागा पश्चिमेकडची आहे का ते बघा.

अक्षांश-रेखांश नकाशावर टाकले तर जागा भलतीच येते. असं का?

चीनमधल्या नकाशांना सरकारी नियमाने एक सरकवलेली निर्देशांक पद्धत वापरावी लागते. कॅमेरा किंवा फोन फाइलमध्ये बहुधा जागतिक पद्धतीचे आकडे लिहितो. तेच आकडे गाओद किंवा बायदू या चिनी कंपन्यांच्या नकाशात तसेच टाकले की बिंदू काही शे मीटर सरकतो. बायदूने तर त्यावर आणखी एक सरकवण चढवली आहे. गूगलवर हे उघड दिसतं: चीनमधले रस्ते आणि त्याखालचं उपग्रहचित्र एकमेकांवर बसत नाहीत.

उपाय असा: आकडे उपग्रहचित्रावर बघा, रेखाटलेल्या नकाशावर नको. मग इमारतीचा आकार, चौकाचा कोन, पूल, नदीचं वळण जुळवा. रस्त्यावरून दिसणारं दृश्य हवं असेल तर गूगलची ती सोय मुख्य भूमीत नाही, बायदूच्या नकाशात अनेक शहरांची आहे.

जिकडे तिकडे लाल कापडी फलक दिसतात. त्यांचा उपयोग काय?

फार मोठा. लाल कापडावर पांढरी किंवा पिवळी अक्षरं ही सरकारी कार्यालयं, कारखाने, शाळा, बँका, गावसमित्या अशा सगळ्यांचीच रीत आहे. फलक म्हणजे निदर्शन नव्हे. ‘लाल फलक घेऊन जमाव’ एवढंच बघून आंदोलनाची बातमी केली जाते आणि प्रत्यक्षात ते अग्निशमनाचं प्रशिक्षण निघतं. फलकावर बहुधा संस्थेचं किंवा गावाचं नाव असतं, कधी वर्षही असतं.

गावातल्या भिंतींवर रंगवलेल्या घोषणा धोरणाचा काळ सांगतात. एकाच मुलाचा आग्रह धरणाऱ्या २०१५ आधीच्या. १ जानेवारी २०१६ पासून दोन मुलांना परवानगी मिळाली, मे २०२१ मध्ये तीन मुलांचं धोरण जाहीर झालं, आणि २०२५ मध्ये तीन वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,६०० युआन देण्याची देशव्यापी योजना आली. आता घोषणा मुलं होऊ द्या म्हणतात. पण जुनी भिंत कोणी पुसली नसेल तर जुनी घोषणा आजच्या फोटोतही येते. म्हणून भिंतीवरून फोटोचा काळ ठरवू नका, घोषणेचाच ठरवा.

शाळकरी मुलांच्या फोटोत काय बघावं?

ढगळ ट्रॅकसूट हाच बहुतेक सरकारी शाळांचा गणवेश असतो. खेळाचा तास चालू आहे असं समजू नये. गळ्यातला लाल रुमाल बाल पायोनियर संघटनेचा, साधारण ६ ते १४ वयाच्या मुलांचा. डाव्या बाहीवर पांढऱ्या पट्टीत लाल रेघा असतील तर मूल पदाधिकारी आहे: एक रेघ छोट्या गटाची, दोन रेघा वर्गाच्या, तीन रेघा शाळेच्या पातळीवरच्या. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लष्करी छापाच्या कपड्यांत कवायत करणारी तरुण मुलं दिसली तर ती नव्या विद्यार्थ्यांची सक्तीची तालीम असते, सैन्यभरती नव्हे.

जूनमधले फोटो वेगळे. ७ आणि ८ जूनला गाओकाओ, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा, सुरू होते; काही प्रांतांत ती एक-दोन दिवस पुढे चालते. २०२४ मध्ये तिला १ कोटी ३४ लाखांवर विद्यार्थी बसले होते. परीक्षा केंद्राबाहेर लाल छिपाओ (अंगालगतचा पारंपरिक झगा) घालून, हातात सूर्यफूल घेऊन उभ्या असलेल्या आया तुम्हाला हमखास दिसतील. तो शुभशकुन आहे. आन्हुई प्रांतातल्या माओतानछांग गावातून परीक्षार्थींच्या बसगाड्यांना निरोप देणारी गर्दीही दरवर्षी फोटोत येते.

वसंतोत्सवाला, म्हणजे चिनी नववर्षाला, गावी जाणाऱ्या गर्दीचे फोटो दरवर्षी सारखेच का वाटतात?

कारण अनेकदा ते जुनेच असतात. या प्रवासाच्या मोसमाला ‘छुनयुन’ म्हणतात आणि तो ४० दिवसांचा धरतात: सणाआधी १५ आणि नंतर २५. २०२५ मध्ये या काळात सुमारे ९०० कोटी प्रवास मोजले गेले, पण पाचांतले जवळजवळ चार लोकांनी आपापल्या गाडीने केले. नुसत्या स्थानकाच्या फोटोवरून आजचा छुनयुन कळत नाही. महामार्गावरच्या चार्जिंगच्या रांगाही त्यातच येतात.

काळ ओळखायला सामान बघा. लाल-निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या विणलेल्या प्लॅस्टिक पिशव्या, बसायला उलटी केलेली रंगाची बादली, रेल्वेचे हिरवे डबे: हा नव्वदीपासून २०१० च्या आसपासचा प्रवास. चाकांच्या बॅगा आणि पांढरी वेगवान गाडी हे त्यानंतरचं. हातात कागदी तिकीट असेल तर फोटो बहुधा २०२० च्या आधीचा, कारण त्यानंतर ओळखपत्रच तिकीट झालं.

या मोसमाचा सर्वांत ओळखीचा फोटो ३० जानेवारी २०१० ला नानछांग स्थानकाबाहेर शिन्हुआ या सरकारी वृत्तसंस्थेच्या छायाचित्रकाराने काढला. एक तरुण बाई चाललेली आहे. पाठीवर तिच्याहून रुंद बोचकं, उजव्या बाजूला कवेत गुंडाळलेलं तान्हं मूल, दुसऱ्या हातात आणखी एक पिशवी. मान पुढे ताणलेली, नजर मात्र सरळ. फोटो देशभर गाजला, पण बाई कोण हे अकरा वर्षं कोणालाच ठाऊक नव्हतं. २०२१ मध्ये त्याच छायाचित्रकाराने तिला सिचुआनच्या लियांगशान डोंगराळ भागात शोधून काढलं. ती यी समाजाची, नानछांगला वीटभट्टीवर काम करायला गेलेली. तिच्या कडेवरचं मूल त्यानंतर काही महिन्यांतच आजाराने गेलं होतं. ‘आई बाळाला घरी नेते आहे’ अशा ओळीखाली हा फोटो इतकी वर्षं आनंदाचा म्हणून छापला जात होता. छायाचित्रकाराने परत जाऊन विचारलं, म्हणून खरं काय ते कळलं. बातमीछायाचित्रणात असं परत जाणं फार कमी वेळा होतं, आणि त्याचं मोल फोटोइतकंच आहे.

भिंतीवर वर्तुळात रंगवलेलं एकच अक्षर कशाचं?

‘छाय’, म्हणजे ही इमारत पाडायची आहे. ते लाल, पांढऱ्या किंवा काळ्या रंगात मोठं रंगवतात. ते अक्षर असूनही खिडकीत कपडे वाळत असतील तर घरात अजून कोणी राहतंय. मोबदला नाकारून राहिलेल्या अशा घरांचा सर्वांत प्रसिद्ध फोटो २००७ चा छोंगछिंगचा: आजूबाजूला खोल खड्डा आणि मधोमध मातीच्या उंचवट्यावर दुमजली घर. ते त्याच वर्षी एप्रिलमध्ये पाडलं गेलं. खिडक्यांविना करडे उभे असलेले टॉवर ही वेगळी गोष्ट. ते अर्धवट सोडलेले गृहप्रकल्प आहेत आणि २०२२ च्या उन्हाळ्यात अशाच घरांच्या ग्राहकांनी कर्जाचे हप्ते थांबवले होते.

बागेत उघड्या छत्र्यांवर कागद चिकटवलेले दिसतात ते काय?

शांघायच्या पीपल्स पार्कमधला वधूवर बाजार, शनिवार-रविवारी भरणारा. कागदावर वय, उंची, शिक्षण, पगार, घर आणि हुकोउ, म्हणजे घराची सरकारी नोंद कुठली, हे लिहिलेलं असतं. उभे असतात ते आईवडील, मुलं क्वचितच. २०२४ मध्ये चीनमध्ये ६१ लाखांच्या आसपास विवाह नोंदले गेले, आदल्या वर्षीपेक्षा सुमारे २० टक्के कमी, त्यामुळे हे फोटो बातम्यांबरोबर पुन्हा पुन्हा येतात. शेअर करायचा झाला तर कागदावरचा मजकूर धूसर करा. तो कोणाचा तरी खासगी तपशील आहे.

धुक्यात बुडालेलं बीजिंग अजून तसंच आहे का?

नाही. पीएम २.५, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची वार्षिक सरासरी २०१३ मध्ये घनमीटरला ८९.५ मायक्रोग्रॅम होती, २०२४ मध्ये ३०.५. दाट धुरक्याचे दिवस अजूनही येतात, पण मास्क लावलेल्या गर्दीचे ते गाजलेले फोटो बहुतेक २०१३ ते २०१६ चे आहेत. आकाश करडं असेल तर धुरकं, बहुधा हिवाळ्यातलं. पिवळं-नारिंगी असेल तर मंगोलियाकडून आलेली वाळू, वसंत ऋतूतली. १५ मार्च २०२१ चं वादळ त्यातलं मोठं.

सरकारी फोटोंवर कितपत विश्वास ठेवावा?

फोटो कोणासाठी काढला आहे ते विचारा, मग तो उपयोगी पडतो. फसवणूक झाल्याची उदाहरणं चिनी वाचकांनीच उघडी पाडली आहेत. २००८ मध्ये तिबेटच्या रेल्वेपुलाखालून धावणाऱ्या हरणांचा पारितोषिक मिळालेला फोटो दोन फोटो जोडून केलेला निघाला. जोडाची बारीक रेघ कोणाच्या तरी नजरेत भरली. जून २०११ मध्ये सिचुआनच्या हुइली तालुक्याच्या संकेतस्थळावर तीन अधिकारी रस्त्याची पाहणी करताना चक्क हवेत तरंगताना दिसले. तपासायचं असेल तर पायाखालची सावली, कडांची धार आणि उजेडाची दिशा बघा.

पण सरकारी फोटो खरा असतो तेव्हा तो फार मोठा पुरावाही ठरतो. निळ्या गणवेशात, काटेरी कुंपणाआड रांगांनी बसलेल्या पुरुषांचा शिनजियांगच्या लोप तालुक्यातला फोटो २०१७ मध्ये तिथल्याच न्याय विभागाच्या वीचॅट खात्यावर आला होता. नंतर जगभरच्या पत्रकारांनी बंदी-छावण्यांबद्दल लिहिताना तोच वापरला.

कोरे कागद धरलेले लोक: हा फोटो कोणत्या घटनेचा?

दोन घटना आहेत आणि त्यांची सरमिसळ होते. पहिली हाँगकाँगमधली, जुलै २०२०: राष्ट्रीय सुरक्षा कायदा ३० जूनला लागू झाल्यावर मॉलमध्ये लोकांनी कोरे कागद धरले. उन्हाळी कपडे, पारंपरिक लिपीतल्या पाट्या. दुसरी मुख्य भूमीतली, नोव्हेंबर २०२२: २४ तारखेला उरुमछीत इमारतीला आग लागून अधिकृत आकड्यानुसार दहा जण गेले, टाळेबंदीमुळे सुटकेला अडथळा आल्याचा संताप पसरला, आणि २६-२७ च्या रात्रींत शांघायच्या वुलुमुछी रस्त्यावर, बीजिंगमध्ये लियांगमा नदीकाठी आणि अनेक विद्यापीठांत लोक जमले. जाड कोट, मास्क, मेणबत्त्या, पांढरी फुलं. यातले अनेक जण नंतर ताब्यात घेतले गेले. म्हणून ओळखू येणारे चेहरे झाकल्याशिवाय असे फोटो पुढे पाठवू नका, मग घटना कितीही जुनी असो.

फुटपाथवर फुलांचे ढीग दिसले तर?

पिवळी-पांढरी शेवंती शोकाची. झंगझोउमध्ये २० जुलै २०२१ ला एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस पडला आणि मेट्रोच्या पाच नंबरच्या मार्गावर १४ जण गेले. आठवड्याभराने स्थानकाच्या दाराशी लोकांनी फुलं ठेवली आणि त्यांभोवती अडथळे उभे केले गेले. ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी हफेई शहरातल्या एका जुन्या घराबाहेर साचलेली फुलं माजी पंतप्रधान ली कछियांग यांच्यासाठी होती. फुलांत खोचलेल्या चिठ्ठ्या मोठ्या करून वाचा. त्यातून प्रसंग कळतो.

रणगाड्यांसमोर उभा असलेल्या माणसाचा फोटो नेमका कुठला?

५ जून १९८९, बीजिंगचा छांगआन मार्ग. तो थ्येनआनमन चौकात काढलेला नाही आणि ४ जूनचाही, म्हणजे लष्कराने तिथलं आंदोलन चिरडलं त्या दिवसाचाही, नाही. एकच फोटो आहे हा समजही चुकीचा. जेफ वाइडनर, स्टुअर्ट फ्रँकलिन, चार्ली कोल आणि त्सांग हिन वाह यांनी जवळपासच्या उंच जागांवरून तो वेगवेगळ्या चौकटींत टिपला. रणगाड्यांची संख्या आणि कडेचा दिवा यांवरून कोणाचा ते ओळखता येतं. टेरिल जोन्स यांचा जमिनीवरून काढलेला फोटो तर २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.

कंदील घेतलेला कोळी, धुकं, पाणकावळे: हे रोजचं जगणं समजायचं का?

नाही. यांगशुओजवळ ली नदीवरचे बांबूच्या तराफ्यावरचे वृद्ध कोळी पैसे घेऊन पोझ देतात. फूजियानच्या शियापूमध्ये वडाखालून म्हैस नेणारा शेतकरीही ठरवून चालतो, आणि झाडांमधून येणारे किरण दिसावेत म्हणून पेंढ्याचा धूर केलेला असतो. त्या माणसांचं हे उत्पन्न आहे, त्यात काही वाईट नाही. पण फोटोखाली ‘चीनचं ग्रामजीवन’ लिहिणं चूक. वेगवेगळ्या लोकांच्या फोटोंत तीच टोपी, तोच कोन, तोच माणूस दिसला की ओळखा.

जुना किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेला फोटो कसा पकडायचा?

तीन पायऱ्या. आधी टिनआय, यांडेक्स, गूगल आणि बायदू अशा किमान दोन ठिकाणी उलटा शोध घ्या आणि निकाल सर्वांत जुन्या तारखेने लावा. काही सापडलं नाही तर फोटो आडवा उलटवून पुन्हा शोधा, कारण चीनमध्ये काढून टाकले जाणारे फोटो लोक उलटे करून टाकतात. तिसरं, मूळ पोस्ट वेइबो किंवा दोउयिन या चिनी समाजमाध्यमांवर असेल तर खात्याखालचा प्रांत बघा. एप्रिल २०२२ पासून तो आपोआप दिसतो. ‘मी इथेच आहे’ म्हणणाऱ्याचा प्रांत दुसराच असेल तर थांबा.

२०२० मध्ये रस्त्यावर आडव्या पडलेल्या माणसांचा फोटो ‘चीनमधले करोनाबळी’ म्हणून फिरला. तो मार्च २०१४ चा, जर्मनीतल्या फ्रँकफर्टमधल्या नाझी छळछावणीच्या स्मरणार्थ केलेल्या कलाप्रयोगाचा होता. जानेवारी २०२५ मध्ये तिबेटच्या तिंगरी भूकंपानंतर ढिगाऱ्यात अडकलेल्या मुलाचं चित्र लाखोंना हेलावून गेलं. ते कृत्रिम होतं आणि मुलाच्या हाताला सहा बोटं होती. १ सप्टेंबर २०२५ पासून चीनमध्ये असा मजकूर ठळकपणे आणि फाइलच्या आतही चिन्हांकित करणं बंधनकारक आहे, पण स्क्रीनशॉट घेतला की फाइलमधली खूण जाते.

स्वतः जाऊन फोटो काढायचे असतील तर?

लष्करी इमारती, पहारेकरी, पोलीस कारवाई, सीमाभाग यांकडे कॅमेरा नको. १ जुलै २०२३ पासून हेरगिरीविरोधी कायदा अधिक कडक झाला आहे. ड्रोनची खऱ्या नावाने नोंदणी लागते आणि बीजिंगचं आकाश जवळजवळ पूर्ण बंद आहे. माणसांचे फोटो विचारूनच काढा. चीनच्या नागरी संहितेत आपल्या प्रतिमेवरचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. बातमीसाठी काम करायचं तर पत्रकाराचाच व्हिसा लागतो, पर्यटकाचा चालत नाही.

असे फोटो आपल्या लेखात छापता येतात का?

परवानगीशिवाय नाही. आणि एजन्सीचा शिक्का म्हणजे मालकी असंही नाही. एप्रिल २०१९ मध्ये व्हिज्युअल चायना ग्रुपने कृष्णविवराच्या पहिल्या फोटोवर आणि चीनच्या राष्ट्रध्वजावरही हक्क लावल्याचं दिसलं, लोक भडकले, संकेतस्थळ बंद करावं लागलं आणि कंपनीला ३ लाख युआन दंड झाला. मूळ छायाचित्रकार शोधून त्याला विचारणं हाच सरळ रस्ता.

सामान्य लोकांनीच काढलेले जुने फोटो कुठे मिळतात?

बीजिंगच्या वेशीवरच्या एका भंगार केंद्रात चांदी काढण्यासाठी निगेटिव्ह किलोवर जमा होत. फ्रेंच संग्राहक थॉमस सोव्हाँ यांनी २००९ पासून त्या विकत घेतल्या. पाच लाखांहून जास्त, साधारण १९८५ ते २००५ या काळातल्या. नव्या फ्रिजला टेकून उभी गृहिणी, टीव्हीवर हात ठेवलेलं कुटुंब, पहिलीच समुद्रसहल. सांस्कृतिक क्रांतीच्या काळासाठी हार्बिनचे वृत्तछायाचित्रकार ली झनशंग यांचं काम बघावं. त्यांनी हजारो निगेटिव्ह घराच्या फरशीखाली लपवून वाचवल्या.

डॉ. कोटणीसांचे म्हणून फिरणारे फोटो खरे असतात का?

बरेचसे आहेत, काही मात्र कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांचे असतात. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, नागपूरचे डॉ. चोळकरही त्याच पथकात होते. पथक १९३९ च्या सुरुवातीला येनानला पोचलं तेव्हा बेथ्यून आघाडीवर होते आणि त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला ते वारले. दोघांची भेट झालीच नाही. त्यामुळे दोघं एकत्र असल्याचा दावा करणारा कोणताही फोटो चुकीचा.

गणवेश सारखाच असल्याने गोंधळ होतो. देवळाच्या ओसरीवर वाकून शस्त्रक्रिया करणारे, पांढऱ्या केसांचे उंच गृहस्थ म्हणजे बेथ्यून, आणि तो फोटो ऑक्टोबर १९३९ चा, वू यिनशियान यांचा. कोटणीस तिशीतले, काळ्या केसांचे, आणि ९ डिसेंबर १९४२ ला त्यांचं निधन झालं. शिजियाझुआंगच्या हुतात्मा उद्यानात दोघांचेही पुतळे असल्याने पर्यटकांच्या फोटोंतही अदलाबदल होते. पुतळ्याच्या चौथऱ्यावरची तारीख वाचा: १९३९ असेल तर बेथ्यून, १९४२ असेल तर कोटणीस.